छोट्या, वाकड्या आकाराच्या पटाश्यांना धार लावताना पडणारे प्रश्न

कोरीवकाम शिकणाऱ्या माणसाचं पहिल्या वर्षी लाकडापेक्षा हत्यारावरच जास्त अडतं. दोन-तीन मिलिमीटरची गोल पटाशी, व्ही अक्षरासारख्या तोंडाची, तिरकी, चमच्यासारखी वळलेली अशी हत्यारं हौसेनं घेतली जातात, महिनाभर चालतात आणि मग डब्यात जाऊन पडतात, कारण त्यांना पुन्हा धार लावता येत नाही. मला स्वतःला हे जमायला बरीच वर्षं लागली. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सपाट पटाशीला मी उत्तम धार लावतो. मग तीन मिलिमीटरच्या गोल पटाशीवर हात का बिघडतो?

सपाट पटाशीचा उतार, म्हणजे धारेकडे तिरपा घासलेला भाग, दगडावर आपला आपण बसतो. हाताला ते बसणं कळतं आणि पुढचं काम दगड करतो. छोट्या गोल पटाशीला अशी बैठकच नसते. कोणत्याही क्षणी तिचा दगडाला टेकलेला भाग केसाच्या जाडीचा असतो, त्यामुळे जोर तोच लावला तरी धातू कितीतरी पट वेगानं झिजतो. वीस मिलिमीटरच्या पटाशीवर पाच हात जास्त फिरले तरी काही बिघडत नाही, पण तीन मिलिमीटरच्या पटाशीवर तेवढ्यात एक कोपरा गायब होतो.

दुसरं कारण असं की, धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा. सपाट पटाशीची पाठ एकदाच घासून सपाट केली की वर्षानुवर्षं तिच्याकडे पाहावं लागत नाही. गोल पटाशीची आतली बाजू मात्र पन्हाळीसारखी असते आणि तिथे दगड पोहोचत नाही. बहुतेक जण बाहेरचा उतार आरशासारखा चमकवतात आणि आत कारखान्यातल्या चाकाचे ओरखडे तसेच ठेवतात. मग धार अर्धीच होते.

पटाश्यांवर कोरलेले आकडे कशाचे असतात?

गोलाईचे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जुन्या पद्धतीत १ म्हणजे सरळ आणि २ म्हणजे तिरकी. ३ पासून गोलाई सुरू होते, ती ९ ला जवळपास अर्ध्या वर्तुळापर्यंत जाते. १० आणि ११ तर इंग्रजी यू अक्षरासारख्या खोल. स्वित्झर्लंडच्या हत्यारांचे आकडे थोडे वेगळे पडतात. धार लावणाऱ्यानं एवढंच ध्यानात ठेवावं की, आकडा जितका मोठा तितकं आतून घासणं अवघड आणि मनगट तितकं जास्त फिरवावं लागणार.

सामान काय काय लागतं? महागडे दगड घ्यावे लागतील का?

छोट्या हत्यारांसाठी महाग दगड घेऊ नका. खिडकीच्या काचेचा एक जाडसर तुकडा घ्या. त्यावर चिकटवायला ४००, ८००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर, जुन्या पट्ट्याचं कडक चामडं, आणि स्टीलवर चमक आणायला वापरतात ती हिरव्या पॉलिशची वडी. हा हिरवा रंग क्रोमियम ऑक्साइडचा असतो. आतल्या बाजूसाठी सायकलचा स्पोक, वेगवेगळ्या जाडीच्या ड्रिलच्या दांड्या, बांबूच्या काड्या. शिवाय काळा मार्कर आणि घड्याळजी वापरतात तसं एक भिंग. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत हे सगळं मिळतं. भिंग मात्र टाळू नका. दोन मिलिमीटरची धार नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही ती सुधारताही येत नाही.

सुरुवात कुठून करायची?

आधी धार पूर्ण मोडायची. हे ऐकून लोक दचकतात, पण सगळी गोम इथेच आहे.

पटाशी काचेवरच्या १००० नंबरच्या पेपरवर काटकोनात उभी धरा आणि अगदी हलक्या हातानं दोन-तीन वेळा ओढा. आता दिव्याखाली तिचं तोंड तुमच्याकडे करा. धारेच्या जागी एक पांढरी चकचकीत रेषा दिसेल. धार म्हणजे शून्य जाडी, आणि जिला जाडीच नाही तिच्यावरून उजेड परत फिरत नाही. म्हणून जिथे रेषा पांढरी दिसते तिथे हत्यार बोथट आहे. ही रेषा सगळीकडे सारख्या जाडीची क्वचितच असते. डाव्या कोपऱ्यात जाड, मध्ये बारीक, उजवीकडे पुन्हा जाड, असं काहीतरी दिसतं. हा तुमचा नकाशा. जिथे रेषा जाड तिथे उतारावर जास्त घासायचं आणि जिथे बारीक तिथे हात लावायचा नाही. रेषा सगळीकडे एकसारखी बारीक होत आली की पेपर बदलायचा, आणि ती एकदम दिसेनाशी झाली की थांबायचं. त्यानंतर एक हातही जास्त नको.

ही युक्ती कळण्याआधी मी फक्त उताराकडे पाहत असे. उतार सुंदर दिसायचा, पण धार कुठे आहे याचा पत्ताच नसायचा.

गोल पटाशी बाहेरून घासताना मनगट कसं फिरवायचं?

उतारावर मार्करनं काळं करा. पटाशी पेपरवर टेकवा आणि मूठ हळूहळू वर उचला. उताराची टाच, म्हणजे धारेपासून लांबची कड, टेकलेली असताना धारही नुकती टेकते तो आपला कोन. तो हातात पक्का धरून हत्यार आडवं, डावीकडून उजवीकडे सरकवा, आणि सरकवता सरकवता मूठ बोटांत लाटण्यासारखी फिरवा. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गोलाई टेकून गेली पाहिजे. चार हात झाले की थांबून पाहा. काळं फक्त टाचेजवळ गेलं असेल तर मूठ थोडी वर घ्या, फक्त धारेजवळ गेलं असेल तर खाली.

हमखास होणारी चूक म्हणजे फिरवणं कोपऱ्याच्या पुढे जाणं. त्यानं कोपरे झिजतात आणि पटाशी नखासारखी गोल होते. काही कामांना तसा आकार लागतो, पण नको असताना तो आला तर पटाशी कोपऱ्यात शिरेनाशी होते. फिरवणं कोपऱ्याच्या जरा अलीकडेच थांबवावं. उरलेलं पट्ट्यावर, म्हणजे हिरवी वडी घासलेल्या कडक चामड्यावर, होतं. उलट चूक म्हणजे मध्येच रेंगाळणं. त्यानं धारेच्या मध्यभागी खळगा पडतो.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान पटाशीसाठी मी वेगळी पद्धत वापरतो आणि ती सगळ्यांनी करून पाहावी असं मला मनापासून वाटतं. मऊ, सरळ नसेच्या, म्हणजे सरळ तंतूंच्या, लाकडाची एक पट्टी घ्या. पॅकिंगच्या पेटीचं पाइन चालतं. धार बरी असतानाच त्याच पटाशीनं पट्टीत वीतभर लांब खोबण पाडा. ही खोबण त्या पटाशीच्या बाहेरच्या गोलाईशी तंतोतंत जुळते, कारण तिनंच ती पाडलेली असते. आता खोबणीत हिरवी वडी घासा, पटाशी उताराच्या कोनात ठेवा आणि फक्त मागे ओढा. दहा-बारा वेळा ओढली की धार ताजी होते आणि आकार जराही बदलत नाही. माझ्याकडे अशा एका पट्टीवर नऊ खोबणी आहेत आणि प्रत्येकीवर पेन्सिलनं पटाशीचा आकडा लिहिला आहे. ही पट्टी केल्यापासून पेपरची गरज वर्षातून दोन-तीनदाच पडते.

आणि आतून?

आतल्या गोलाईपेक्षा किंचित बारीक असं काहीतरी गोल हवं. जाड असेल तर ते फक्त दोन कडांना टेकतं आणि कोपरे खातं. सायकलच्या स्पोकची जाडी साधारण दोन मिलिमीटर. त्याला २००० नंबरचा पेपर एक वेढा गुंडाळला की तीन मिलिमीटरच्या पटाशीत नेमका बसतो. स्पोक पन्हाळीत पूर्ण आडवा टेकवून मागेपुढे करा. मागचं टोक उचललं तर आतून नवा उतार तयार होतो. काही कोरणारे तो मुद्दाम पाच-दहा अंशांचा ठेवतात, कारण त्यानं धार भक्कम होते आणि पटाशी उलटी धरूनही चालवता येते. सुरुवातीला मात्र आत सपाटच ठेवा. कारखान्याचे ओरखडे एकदा नीट काढले की पुन्हा एवढी मेहनत नाही, पुढे फक्त पॉलिश लावलेली बांबूची काडी पुरते.

व्ही पटाशी कधीच जमत नाही. टोकाला चोच राहते, नाहीतर खाच पडते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

व्ही हे एक हत्यार नाही, तीन आहेत. दोन सपाट पटाश्या आणि त्या जिथे मिळतात तिथे एक अतिशय बारीक गोल पटाशी. ती दिसत नाही म्हणून आपण तिला विसरतो. व्हीच्या आतला तळ भिंगातून पाहा. तो सुईसारखा टोकदार नसतो, थोडा गोल असतो. बाहेरची कडही तेवढीच गोल हवी.

आता चोच का येते ते पाहा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे धातू जास्त जाड असतो. दोन्ही बाजू सपाट पटाशीसारख्या घासल्या की भिंतींची धार तयार होते, पण तळाची जाडी तशीच राहते आणि पुढे चोचीसारखी डोकावते. ती पाहून माणूस घाबरतो आणि बाजू आणखी घासतो. बाजू मागे हटतात आणि चोच लांबच दिसते. उपाय बाजूंवर नाहीच. तळाची बाहेरची कड पेपरवर टेकवा आणि मूठ अगदी थोडी, घड्याळाच्या काट्यानं पाच मिनिटं पुढे जावं तेवढीच डावी-उजवी फिरवत मागे ओढा. म्हणजे तळाशी एक इवलीशी गोल पटाशीच घडवायची. दोन वेळा ओढा, भिंगातून पाहा, पुन्हा दोन वेळा. चोच आत येऊन बाजूंच्या रेषेला मिळाली की तिथेच थांबा. त्यापुढे गेलात तर तळ मागे हटतो आणि खाच पडते. खाच पडलेली व्ही लाकूड कापत नाही, खोबणीच्या तळाशी तंतू फाडत जाते.

खाच पडलीच तर तिला भरून काढायचा मार्ग नाही. पटाशी पेपरवर उभी करून तोंड पुन्हा सरळ करा, खाच पूर्ण जाईपर्यंत, आणि पहिल्यापासून सुरू करा. एक बाजू दुसरीपेक्षा मागे पडली असेल तरी हेच. आतून घासायला सागाच्या पातळ पट्टीची कड पाचरीसारखी तासून तिच्यावर पेपर दुमडून घ्यावा. पाचरीचा कोन व्हीपेक्षा किंचित कमी ठेवावा आणि एका वेळी एकाच भिंतीला टेकवावा.

चमच्यासारख्या वळलेल्या पटाशीचं काय करायचं?

तिला दगडाकडे नेऊ नये, दगड तिच्याकडे न्यावा. मूठ टेबलाला क्लॅम्पनं घट्ट धरा, तोंड उजेडाकडे ठेवा आणि पेपर चिकटवलेली आइस्क्रीमची काडी हातात घेऊन उतारावर फिरवा. दोन्ही हात मोकळे राहतात आणि पांढरी रेषा घासतानाच दिसते. मागे वळलेल्या पटाशीलाही हीच रीत. एवढंच लक्षात असू द्या की वळणामुळे मूठ किती अंशांत आहे यावरून उताराचा कोन कळत नाही. इथे मार्करवरच भरवसा.

तिरकी पटाशी?

ती सोपी आहे. दोन्ही बाजूंना उतार असतो आणि तो सारखा ठेवायचा. धार पेपरच्या कडेला समांतर ठेवून घासा, मूठ आपोआप तिरकी जाईल. लांब टोकावर जोर देऊ नका, ते सगळ्यात आधी झिजतं आणि तिरकीचं सगळं काम त्या टोकावरच चालतं.

उताराचा कोन किती ठेवावा?

हातानं ढकलून कोरायचं असेल आणि लाकूड पांगारा, शिवण असं मऊ असेल तर २० अंशांच्या आसपास. साग, शिसम किंवा मोगरीचं काम असेल तर २५, कधी ३०. सागाबद्दल एक सांगायला हवं. तो कोरायला गोड, पण त्यात सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूचंच द्रव्य, त्यामुळे सागावर धार अपेक्षेपेक्षा लवकर जाते. त्यात हत्याराचा दोष नसतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी पट्ट्यावर ओढत राहा.

ग्राइंडरवर पटकन काम होणार नाही का?

होईल, आणि पटाशीही पटकन जाईल. आपल्याकडच्या साध्या ग्राइंडरचं चाक मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्या घेतं. मोठ्या पटाशीत ती उष्णता पसरायला जागा असते. दोन मिलिमीटरच्या टोकाला ती कुठे जाणार? कार्बन स्टील तापलं की आधी फिकट पिवळं होतं, साधारण २२० अंश सेल्सिअसला, आणि ३०० च्या जवळ निळं. निळं झालं म्हणजे पाणी उतरलं. ते टोक मऊ पडतं आणि धार धरत नाही. माझी एक जुनी, आवडती बारीक पटाशी मी अशीच घालवली. टोक मोडलं होतं, म्हटलं चाकाला जरा लावू. पाण्याचा वाडगा शेजारीच होता. हात वाडग्याकडे वळेपर्यंत पाव इंच निळं झालं होतं. तेवढा भाग नंतर हातानं घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या.

हायस्पीड स्टील ही उष्णता सोसतं, पण कोरीवकामाच्या बारीक पटाश्या बहुधा कार्बन स्टीलच्याच असतात. टोक मोडलं तर ४०० नंबरचा पेपर आणि धीर, एवढंच.

बर निघत नाही. काय चुकतंय?

उतार घासताना धातूची अत्यंत बारीक कड पलीकडे वळते, तिला बर म्हणतात. बोटाचं नख आतून बाहेर सरकवलं की ती अडकते. ती पूर्ण धारभर लागली म्हणजे उतार धारेपर्यंत पोहोचला. मग आतून स्पोक एकदा-दोनदा फिरवा म्हणजे ती बाहेर वळेल, बाहेरून हलका हात द्या, ती आत वळेल. असं तीन-चारदा झालं की ती गळून पडते. उरलीसुरली पट्ट्यावर जाते. ओढून तोडू नका, तिच्यासोबत धारेचे कण निघतात. बर निघतच नसेल तर बहुतेक वेळा जोर जास्त लागतोय, म्हणजे जुनी बर जायच्या आत नवी तयार होते.

धार खरंच आली हे कसं ओळखायचं? हातावरचे केस कापून पाहतो.

केस कापले जाणं ही वस्तऱ्याची परीक्षा. कोरीवकामाच्या पटाशीची परीक्षा लाकडावरच घ्यावी. पाइनचा तुकडा घ्या आणि नसेला आडवी एक खोबण पाडा. मऊ लाकूड या बाबतीत फार प्रामाणिक असतं. बोथट हत्यार ते कापत नाही, चिरडतं. खोबण मेण लावल्यासारखी चमकली तर धार आली. खोबणीत एखादी पांढुरकी, खरखरीत रेघ लांबवर गेली असेल तर धारेच्या नेमक्या त्या जागी खाच आहे. तंतू उपसले असतील तर अजून धार नाही.

ही चमक का हवी, ते पाहायला पुण्यातल्या विश्रामबाग वाड्यासमोर दहा मिनिटं उभं राहावं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला हा वाडा, त्याचा दर्शनी भाग कोरीव सागाचा. अशा कामाच्या खोलगट भागात काचपेपर शिरत नाही, आणि शिरवला तर कडा मोडून नक्षी मेणचट दिसते. तिथली सफाई हत्याराच्या शेवटच्या हातानंच यावी लागते.

पट्टा किती वेळा आणि कसा वापरायचा?

काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी, धार गेल्यासारखी वाटायच्या आधीच. फक्त मागे ओढा, पुढे ढकललं तर चामडं कापलं जातं. चामडं कडक आणि पातळ असावं, लाकडाला चिकटवलेलं. मऊ, जाड चामडं दाबलं की धारेभोवती चढतं आणि तिला गोल करतं. ओढून संपताना मूठ वर उचलायची सवय असेल तर ती मोडा, तिनंही हेच होतं. चामड्याची दुमडलेली कड आतल्या बाजूला चालते.

नवीन संच घेतला. धार छान लागते, पण पाच मिनिटांत जाते.

दोन शक्यता. कारखान्यात चाकावर टोक तापलं असेल, तर एक-दोन मिलिमीटर झिजल्यावर खाली चांगलं पोलाद लागतं. दुसरी शक्यता म्हणजे पोलादच मऊ. बारीक कानस उताराच्या टाचेजवळ हलकेच फिरवा. कानस घसरली तर हत्यार कडक आहे, चावली तर मऊ. मी एकदा बारा पटाश्यांचा देखणा संच स्वस्तात घेतला आणि बाराही कानशीला लोण्यासारख्या लागल्या. त्या पैशांत दोन चांगल्या पटाश्या आल्या असत्या. नवशिक्याला मी नेहमी हेच सांगतो: एक सहा मिलिमीटरची गोल, एक व्ही, एक तिरकी. बाकीच्या गरज पडेल तशा.

छत्रीच्या काडीची पटाशी करता येते म्हणतात, खरं का?

हो. जुन्या छत्रीची काडी आडवी कापून पाहिली तर ती पन्हाळीसारखी असते, म्हणजे दीड-दोन मिलिमीटरची गोल पटाशी आयती. चार-पाच सेंटिमीटर तुकडा कापा, बांबूच्या मुठीत घट्ट बसवा आणि फक्त बाहेरून उतार द्या. चाकाला लावू नका. शिसमासारख्या कठीण लाकडावर ती टिकणार नाही, पण मऊ लाकडात डोळे, पानांच्या शिरा, केस अशा कामाला माझ्याकडे याहून चांगलं हत्यार नाही. शिवाय धार लावायचा सराव करायला ती उत्तम. बिघडली तर काडीला अजून लांबी शिल्लक असते.

कोकणात राहतो. पावसाळ्यात धारेवर गंज चढतो.

धारेवरचा गंज म्हणजे खाचाच. घामट हात लागलेलं हत्यार रात्रभर तसंच ठेवू नका. काम संपलं की कोरड्या फडक्यानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात द्या. खोबरेल नको, ते कालांतरानं चिकट होतं आणि धूळ धरतं. डब्यात कापराच्या दोन वड्या ठेवायची जुनी रीत मीही पाळतो. चामड्याच्या पिशवीत पावसाळाभर हत्यारं ठेवू नका, चामडं ओल धरतं. जुन्या सुती धोतराची, कप्पे शिवलेली गुंडाळी बरी. कप्पे असे शिवा की पटाश्यांची तोंडं वर राहतील आणि कोणती कुठली ते दिसेल. एकीची धार दुसरीला लागली की दोघींनाही खाच पडते, म्हणून कप्पा एक आणि पटाशीही एकच.